परिषदेला कोण जाणार?

सेवाभावी संस्थांच्या परिषदेचं निमंत्रण आलं की आपल्या सिंधुदुर्गातल्या छोट्या संस्थेत पहिला प्रश्न पडतो तो हाच. उत्तर बहुधा ठरलेलं असतं. अध्यक्ष जातात. अध्यक्षांना जमत नसेल तर सचिव. दोघेही निवृत्त, दोघांकडे सवड, दोघांनाही चार माणसांत बोलायची सवय. पुण्याला नाहीतर मुंबईला जातात, पुढच्या रांगेत बसतात, कापडी पिशवी, पेन आणि गुळगुळीत कागदाची पुस्तिका घेऊन रात्रीच्या गाडीनं कणकवलीला परत उतरतात. पुढच्या सभेत अहवाल होतो : परिषद छान झाली, जेवण उत्तम होतं. पिशवी कार्यालयातल्या कपाटाच्या कडीला लटकते.

अध्यक्षांनी जाऊ नये असं माझं म्हणणं नाही. पण तिथे जे शिकण्यासारखं होतं ते ज्याच्या उपयोगाचं, तो माणूस त्या दिवशी इकडे गावात कामावर होता, आणि त्याला विचारायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

एक उदाहरण आपल्या घरचंच घेऊ. झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानचं नाव तुम्ही ऐकलं असेल. डॉ. प्रसाद देवधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोबरगॅसचं काम या जिल्ह्यात घरोघरी नेलं. गोबरगॅसवरचं भाषण दहा मिनिटांत होतं. सरपण वाचतं, चुलीचा धूर जातो, बाईमाणसाची पायपीट थांबते, स्लरी शेताला मिळते. सगळे माना डोलावतात. मग गावी येऊन बांधायला घेतलं की खरे प्रश्न निघतात. दोन घनमीटरच्या टाकीला रोज सुमारे 50 किलो शेण लागतं, म्हणजे गोठ्यात चार-पाच जनावरं हवीत. दोनच असतील तर टाकी लहान बांधायची, शेजाऱ्याची बघून मोठी नाही. जितकं शेण तितकंच पाणी कालवायचं. दीनबंधू नावाचा 1984 सालचा जो नमुना देशभर बांधला जातो, त्याचा घुमट विटांचा असतो आणि सगळी मदार आतल्या गिलाव्यावर असते. पाणी धरून ठेवणारा गिलावा गॅस धरेलच असं नाही. कुठे केसाएवढी भेग राहिली की वर शेगडी पेटत नाही, आणि दोष मात्र शेणाला दिला जातो. त्यात आपला पाऊस. स्लरीच्या खड्ड्यावर छप्पर नसलं तर मृगाच्या पहिल्या आठवड्यात वर्षाचं खत व्हाळाला मिळतं.

आता सांगा, हे प्रश्न परिषदेत कोण विचारणार? ज्यानं थापी हातात धरली आहे तोच. म्हणून मी म्हणतो, गवंड्याला पाठवा परिषदेला. व्यासपीठावरचं ‘शाश्वत विकासाची दिशा’ त्याला कळो वा न कळो, जेवणाच्या रांगेत त्याला कोल्हापूरकडचा नाहीतर नाशिककडचा एखादा गवंडी भेटला, की त्या दोघांची जी गजाल सुरू होईल तिच्यापायी गाडीभाडं वसूल. आमच्याकडे जांभ्यात खड्डा खणायला किती दिवस लागतात, तुमच्याकडे काळ्या मातीत घुमट खचतो का, ही विद्या कुठल्या पुस्तिकेत छापून येत नाही.

दुसरी पाठवायची ती हिशेब लिहिणारी मुलगी. प्रत्येक संस्थेत अशी एक असते. बारावी किंवा बी.कॉम. झालेली, पावती पुस्तक, रोजकीर्द, बँकेची पासबुकं आणि धर्मादाय आयुक्तांकडे जाणारे कागद एकटीनं सांभाळणारी. गेल्या काही वर्षांत संस्थांचे नियम इतके बदलले की काम करणाऱ्यापेक्षा कागद सांभाळणारीला जास्त घाम फुटतो. आयकरातली सवलतीची नोंदणी पूर्वी एकदा मिळाली की मिळाली. 2021 पासून ती पाच-पाच वर्षांनी नव्यानं घ्यावी लागू लागली. कंपन्यांकडून सामाजिक जबाबदारीचा निधी घ्यायचा तर सीएसआर-1 नावाचा अर्ज आधी भरावा लागतो, तोही त्याच वर्षापासून. आणि 2021-22 पासून देणगीदारांची यादी 31 मेच्या आत आयकर खात्याला कळवायची असा नियम आला. नाही कळवली तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 200 रुपये. शिवाय यादीत नाव नाही म्हणून ज्यानं देणगी दिली त्याची करसवलत अडकते ती वेगळीच. मुंबईतला एखादा चाकरमानी आठवणीनं 5 हजार पाठवतो आणि जुलैत विवरणपत्र भरताना त्याला कळतं की आपल्या पैशाचा कागदच नाही. पुढच्या वर्षी तो पाठवेल?

अशाच एका मेळाव्यात मी दोघींना पाहिलं होतं. एक आपल्याकडची, एक विदर्भातली. सभागृहात दानशूरतेवर परिसंवाद रंगला होता आणि या दोघी बाहेर व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, मधल्या तिसऱ्या खुर्चीवर लॅपटॉप ठेवून बसल्या होत्या. विदर्भातली दाखवत होती, देणगीदाराचा पॅन क्रमांक पावती फाडतानाच कसा लिहून घ्यायचा, रोख आणि चेक यांचे रकाने वेगळे कसे ठेवायचे, मग मे महिन्यात धावपळ कशी होत नाही. आपल्याकडची वहीत रकाने आखून घेत होती. मध्येच मान वर करून म्हणाली, ‘‘ह्यां आमका आधी कोणी सांगूकच नाय.’’ परिसंवादात कोण काय बोललं ते मला आज आठवत नाही.

पैशाकडे वळतो, कारण परिषदेला जाताना प्रत्येकाच्या मनात तोच असतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले. 1 एप्रिल 2014 पासून ते लागू झालं. पण त्याच कायद्यात असंही आहे की कंपनीनं आपल्या कामाच्या जवळच्या परिसराला प्राधान्य द्यावं. ठाणे, पुणे, रायगड इथे कारखाने आहेत, तिथे हे ठीक. आपल्या जिल्ह्यात धूर दिसला तर तो काजू भाजल्याचा. म्हणजे निधी असलेला माणूस आपल्या दारात येण्याची शक्यता कमी, आणि म्हणूनच तो परिषदेत दिसला की सगळे त्याच्याभोवती गोळा होतात. संध्याकाळपर्यंत त्याच्या खिशात पन्नास कार्डं जमतात. त्यातलं एकही त्याला आठवत नाही, बिचाऱ्याचा तरी काय दोष.

माझा सल्ला उलटा आहे. त्याच्याकडे आधी जाऊच नका. त्याच्या कंपनीचा पैसा ज्या संस्थेला आधीपासून मिळतोय, तिच्या माणसाशेजारी जेवायला बसा. वर्षातून किती अहवाल मागतात? पैसे वेळेवर येतात की मार्च संपताना? कार्यकर्त्याचं मानधन त्यातून देता येतं का, की फक्त वस्तू घ्यायच्या? हे कळल्यावर मग ठरवा, त्या दारात उभं राहायचं की नाही.

मानधनाचा मुद्दा आपल्याकडे फार नाजूक आहे. देण्याची परंपरा या मातीत मोठी आहे. मालवणातलं टोपीवाला हायस्कूल घ्या. अनंत शिवाजी देसाई, म्हणजे टोपीवाले, यांचं नाव त्या शाळेला आहे. मुंबईत मोती बाजारात त्यांचं दुकान. राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांच्या तळाशीही हे नाव वाचायला मिळतं. मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला टोपीवाला हे नाव आहे, तेही याच घराण्याच्या देणगीमुळे. त्यांच्या मागोमाग गिरणीत, गोदीत, खाणावळीत राबणाऱ्या साध्या चाकरमान्यांनीही मुंबईत ग्रामस्थ मंडळं काढून गावच्या शाळेला, देवळाला, वाचनालयाला पैसे पाठवले. पण बघा, पैसे कशाला आले? भिंतीला, कौलांना, बाकांना, पंख्याला. पंख्याच्या पात्यावर नाव रंगवता येतं. वाचनालय उघडणाऱ्या माणसाच्या पगारावर कुणाचं नाव कसं रंगवणार? म्हणून आपल्याकडे इमारती आहेत आणि त्यांना कुलपंही आहेत. परदेशी देणगीच्या कायद्यातही 2020 साली प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली. पगार म्हणजे उधळपट्टी, ही समजूत गावच्या सभेपासून दिल्लीपर्यंत एकच. ती मोडायची असेल तर देणारे आणि राबणारे एका मांडवात बसायला हवेत, आणि राबणाऱ्यानं आपला महिन्याचा खर्च न संकोचता सांगायला हवा.

असा मांडव पुण्यात आहे. ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन 2005 पासून भरतं. वीणा गोखले यांनी ते सुरू केलं. ते भरतं पितृपंधरवड्यात, म्हणजे आपण ज्याला म्हाळाचे दिवस म्हणतो तेव्हा. खरेदी बंद, नवं काही सुरू करायचं नाही आणि मनात गेलेल्या माणसांची आठवण. आईवडिलांच्या नावानं काही द्यायला याहून बरा मुहूर्त कुठला? राज्यभरातल्या संस्था तिथे टेबलं मांडून बसतात, पुणेकर येतात, उभ्याउभ्या खोदून खोदून विचारतात. पुणेकरांच्या चौकशीला तोंड देणं हे एक शिक्षणच आहे, पण माझ्या मते तिथली खरी कमाई दुसरीच : शेजारच्या टेबलावरची संस्था. गिऱ्हाईक नसताना दुपारी दोन ते चार शेजारी-शेजारी बसायचं, आणि मतिमंद मुलांची शाळा चालवणाऱ्यानं पाणलोटाचं काम करणाऱ्याला डबा द्यायचा. त्या दोन तासांत माणसं जोडली जातात.

आणि जोडलेली माणसं कधी लागतात? 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा विजेचे खांब आडवे झाले, होड्या फुटल्या, फोन बंद पडले. अशा वेळी बाहेरून निघालेल्या ट्रकला विचारावं लागतं, देवबागात कोण आहे, निवतीला कोण आहे? ज्याच्या फोनमध्ये आधीपासून नंबर असतो त्याच्याकडे ट्रक आधी पोचतो. वादळाच्या दिवशी ओळख काढायला कुणाला वेळ नसतो.

मग अशी परिषद आपल्याच जिल्ह्यात का भरू नये? मालवणात बॅरिस्टर नाथ पै सेवांगणासारखी जागा आहे, तेव्हा छपराची अडचण नाही. अडचण तारखेची. एप्रिल-मे म्हणाल तर आंबा-काजू. जून-जुलैत मासेमारी बंद असते, म्हणजे मच्छीमार मोकळा, पण तेव्हा शेतकरी लावणीत गुडघाभर चिखलात. चवथीला चाकरमानी गावात असतात खरे, पण भजनातून उठवून त्यांना परिषदेला न्यायची हिंमत माझ्यात नाही. डिसेंबर-जानेवारीत जत्रा आणि दशावतार. रात्रभर नाटक बघितलेला माणूस सकाळी दहाच्या सत्रात काय जागा राहणार. म्हाळाचे दिवसच त्यातल्या त्यात बरे. भात अजून कापणीला आलेलं नसतं आणि पाऊसही ओसरू लागतो. तारीख ठरवताना मुंबईच्या प्रमुख पाहुण्याची डायरी आधी बघायची नाही, एवढं पाळलं तरी खूप.

आणि भाषणं एकाच दिवशी उरकावीत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गाडीत घालून बाहेर काढावं. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका 2017 पासून स्वतः होडी वल्हवून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. ज्या खाडीकडे आपण सरपण तोडायची जागा म्हणून बघत होतो, तिच्यावर त्यांनी रोजगार उभा केला. त्यांच्या होडीत बसून विचारावं, पहिल्या वर्षी गावातले लोक काय बोलले, आणि पावसाळ्यात होड्या बंद असतात तेव्हा काय करता. धामापूरला स्यमंतक संस्थेची मंडळी आहेत, तिथल्या तलावाला 2020 साली जागतिक सिंचन वारशाचा मान मिळाला. तो मिळवायला कुठले कागद लागले, ते त्यांना विचारावं. कणकवलीजवळ वागद्याला 1948 साली अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी आश्रम काढला. संडास, सोनखत, मेलेल्या जनावराचं चामडं, ज्या कामांना लोक नाक मुरडत ती त्यांनी स्वतःच्या हातानं केली आणि इतरांना करायला लावली. ते शिक्षण व्यासपीठावरून देता आलं नसतंच.

आता खर्चाचं. अध्यक्षांच्या प्रवासाला संस्था पैसे देते, गवंड्यानं मात्र पदरमोड करावी अशी अपेक्षा असते. तसं नको. गवंड्याची त्या दोन दिवसांची मजुरी संस्थेनं भरून द्यावी. हिशेबाच्या मुलीला सोबत म्हणून आणखी एक बाई पाठवावी, म्हणजे तिच्या घरून नाही म्हणणार नाहीत. परत आल्यावर दोघांना एक दिवस सुट्टी द्यावी. आणि पुढच्या सभेत अहवाल त्यांनीच सांगावा, मालवणीत सांगितला तरी चालेल. अध्यक्षांनी त्या दिवशी खाली बसून ऐकावं, आणि सभेचा चहा मागवावा.