तंजावरचे हात

तंजावरला जाणारा मराठी प्रवासी प्रथम बृहदीश्वराच्या शिखराकडे मान उंचावून पाहतो. मग देवळाच्या भिंतीवर 1803 साली कोरलेला भोसल्यांचा मराठी वंशवृत्तांत शोधू लागतो. पुढे सरस्वतीमहाल ग्रंथालय पाहिले, की यात्रा पूर्ण झाली असे त्याला वाटते. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात स्थापिलेले आणि 1855 साली खालसा झालेले राज्य त्याला दगडात व कागदात भेटते. परंतु माणसांच्या हातांत जे टिकून आहे, ते पाहण्यास थोडे अधिक थांबावे लागते. आणि नुसते पाहून भागत नाही, करूनही पाहावे लागते.

चित्रकाराजवळ घटकाभर बसलेला पाहुणा सोन्याच्या वर्खाला हात लावण्यास उत्सुक असतो. कारागीर मात्र त्याच्या हाती देतो ती चिंचोक्यांची खळ. फणसाच्या लाकडाच्या फळीवर कापड चिकटवायचे, त्यावर खळीत कालवलेल्या खडूच्या पुडीचे थर चढवायचे, ते घोटून गुळगुळीत करायचे. मग रेखाटन, खडे बसविणे, लगद्याने उठाव आणणे, आणि त्यानंतर कोठे वर्ख! थर ओबडधोबड राहिला, तर वरचे सोनेही ओबडधोबडच दिसते, हे पाहुण्याला कोणी सांगावे लागत नाही.

मान डोलविणाऱ्या बाहुलीचेही तसेच. बुडाशी जड, गोल बैठक आणि वर हलकी काया, एवढेच तिचे रहस्य. ऐकताना ते सोपे वाटते. पण पाहुण्याने घडविलेल्या बाहुलीचे वजन जरा वर चढले, की ती आडवी होते ती उठतच नाही. कारागिराच्या बाहुलीला कितीही ढकला, ती पुन्हा उभी!

आता थोडे स्वयंपाकघरात डोकावू. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातील पाककृती ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ या मराठी ग्रंथात नोंदल्या गेल्या. जवळच कावेरीकाठी, त्यागराजांच्या समाधीने पावन झालेल्या तिरुवैयारू गावी ‘अशोका’ नावाचा मुगाच्या डाळीचा हलवा प्रसिद्ध आहे. शिजवून घोटलेली डाळ, तुपात भाजलेली कणीक आणि साखर. एखादी मराठी गृहिणी तेथे कालथा हाती घेते, तेव्हा तिला तमिळ येत नसले तरी अडत नाही. गोळा कढईच्या कडा सोडू लागला, तूप सुटले, की आचारी व ती एकाच क्षणी मान हलवितात.

एका घटकेत कोणी कारागीर होत नाही. मग हा खेळ कशासाठी? तंजावरच्या चित्रांना, बाहुल्यांना आणि 2013 साली तेथील वीणेलाही भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाचे रक्षण होते. कारागिराचा मुलगा त्याच फळीपुढे बसेल की नाही, हे मात्र त्याच्या पदरी पडणाऱ्या मोबदल्यावर ठरते. तो मोबदला आपण गिऱ्हाइकेच ठरवितो. सकाळी ‘एवढ्याशा चित्राला इतके पैसे?’ म्हणणारा प्रवासी संध्याकाळी, नखांत खडूची पूड घेऊन, त्याच दुकानात उभा राहतो, तेव्हा घासाघीस करताना त्याची जीभ अडखळते. तंजावरहून आणलेल्या वस्तूंपेक्षा हे अडखळणे अधिक मोलाचे नव्हे काय?