दिल्लीची पहिली पायरी

दिल्लीच्या राज्यकर्त्यांना उंचीची आवड फार. शहाजहानने जामा मशीद उंच चौथऱ्यावर बांधविली. इंग्रजांनी 1931 साली उद्घाटन केलेल्या आपल्या नव्या राजधानीसाठी रायसीना टेकडी निवडली. भव्यतेचे दर्शन घ्यावयाचे तर चढून वर यावे, हा दोन्ही राजवटींचा रिवाज. धडधाकट माणसाला त्या पायऱ्या वैभवाच्या वाटतात. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचे शहर मात्र पहिल्या पायरीपाशीच संपते.

2001 च्या जानेवारीत स्टीफन हॉकिंग दिल्लीस आले. त्यांच्यासाठी कुतुबमिनारासारख्या प्राचीन वास्तूंत तात्पुरते लाकडी उतार घालण्यात आले. पाहुण्याचा मान राखला गेला, हे योग्यच झाले. परंतु जे एका विख्यात शास्त्रज्ञासाठी साधले, ते शहरातल्या अनाम रहिवाशासाठी आधी का साधले नाही, हा प्रश्न तो उतार मागे ठेवून गेला.

24 डिसेंबर 2002 रोजी दिल्ली मेट्रोच्या शाहदरा ते तीस हजारी या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. आधुनिक दिल्लीच्या या मानचिन्हाने त्या प्रश्नाला उत्तर दिले. स्थानकांत लिफ्ट आली, उतार आले, अंधांच्या काठीला ओळखू येतील अशा उंचवट्यांच्या फरश्या आल्या; डब्यात चाकांच्या खुर्चीसाठी जागा राखली गेली. त्या लिफ्टमध्ये संधिवाताने बेजार झालेली आजीबाई असते, कडेवर मूल घेतलेली आई असते, आणि त्यांच्याच शेजारी चाकांची खुर्चीही असते. तेथे कोणी कोणाचा उपकृत नसतो.

2017 साली मेट्रो जामा मशिदीपाशी पोहोचली. भुयारातून लिफ्ट प्रवाशाला अलगद वर आणते. पुढे मात्र जुन्या शहराची गर्दी, हातगाड्या आणि खाचखळग्यांचा रस्ता. मनगटांच्या जोरावर तेवढे अंतर तोडले, तरी शेवटी पुन्हा त्याच पायऱ्या. अशा अडथळ्यांतून अपंगांची वाट मोकळी व्हावी, म्हणून 1995 व 2016 साली संसदेने कायदे केले. कायद्याचे कलम आणि पदपथाची कड यांत वीतभरच उंचीचा फरक उरतो. पण खुर्चीचे चाक अडावयास तेवढा पुरेसा होतो.

शहराचे मोठेपण त्याच्या मिनारांच्या उंचीने मोजण्याची रीत जुनी आहे. ते वीतभर उंचीच्या त्या कडेवरून मोजावे, एवढीच त्या प्रवाशाची मागणी आहे.