हळदीच्या पुडीची खिडकी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

लग्नघरात पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचा डाग पडला, की घरातली जाणती बाई घाबरत नाही. साबण लावला की डाग आधी लालसर होतो, मग पुन्हा पिवळा. सदरा दोन-चार दिवस उन्हात वाळत घातला, की डाग आपोआप फिका पडून जातो. हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि तरीही त्याच घरातली बाई बचतगटाची हळद पारदर्शक पिशवीत भरते, आणि प्रदर्शनाच्या टेबलावर अशा जागी मांडते की सकाळपासून त्यावर ऊन यावं. का? तर गिऱ्हाइकाला रंग दिसला पाहिजे. तिचं चुकत नाही. रंग दिसला नाही तर गिऱ्हाईक थांबत नाही, आणि रंग दाखवला तर रंग उडतो. श्रोतेहो, कमी खर्चात, माल दिसेल असं पॅकिंग कसं करायचं, हा आजचा विषय आहे, आणि त्याची सगळी अडचण या एका पिशवीत सापडते.

हळद निवडली त्याला कारण आहे. आमच्या वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यात वायगाव आहे. आमच्याकडे गावाच्या नावापुढे कंस लावल्याशिवाय पत्ता पुरा होत नाही. सावंगी (मेघे), बोरगाव (मेघे), सिंदी (मेघे). तसं एक वायगाव (निपाणी) आहे आणि हे दुसरं वायगाव (हळद्या). नावातच हळद. इथल्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात कुरकुमिन, म्हणजे हळदीला रंग देणारं द्रव्य, साधारण हळदीपेक्षा जास्त असतं, सहा टक्क्यांच्या घरात. म्हणजे जी गोष्ट उन्हानं जाते, तीच या हळदीत अधिक आहे आणि तिच्याचसाठी लोक जास्त पैसे मोजतात.

आता वायगावात ही हळद विकायला पॅकिंग लागत नाही. घेणारा देणाऱ्याला ओळखतो, शेत ओळखतो. पण सावंगी (मेघे)सारख्या ठिकाणी या. वर्ध्याला लागून असलेलं हे गाव. आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयामुळे इथे रोज बाहेरगावची माणसं येतात, यवतमाळची, चंद्रपूरची. पेशंटला सुट्टी मिळाली की घरी जाताना नातेवाईक काहीतरी विकत घेतो. तो पुन्हा कधी येईल, येईल की नाही, सांगता येत नाही. विकणाऱ्याला तो ओळखत नाही. त्याच्याकडे भरवसा ठेवायला एकच गोष्ट आहे, ती म्हणजे त्याचे डोळे. अशा गिऱ्हाइकासमोर बंद पाकीट ठेवलं तर तो नावाजलेल्या कंपनीचं पाकीट उचलतो. कारण त्या पाकिटावर निदान चित्र तरी असतं.

पूर्वी किराणा दुकानात पोत्याचं तोंड दुमडून ठेवलेलं असे. गिऱ्हाईक चिमूटभर हळद तळहातावर घेई, चोळून पाही, वास घेई. मग दुकानदार कागदाची पुडी बांधून देई. आता कुटलेले मसाले सुटे विकायला नियमानं मनाई आहे, ते पॅकबंदच विकावे लागतात. रद्दी वर्तमानपत्रात खाण्याची वस्तू बांधणंही अन्न सुरक्षेच्या 2018 च्या पॅकेजिंग नियमांनी बंद केलं. शाई पोटात जाते, ते योग्यच झालं. पण चोळून पाहणं गेलं, वास गेला. उरलं फक्त पाहणं. पारदर्शक पिशवी जुन्या पोत्याची जागा घेते ती एवढीच, आणि तीही अर्धवट.

मोठी कंपनी माल दाखवत नाही, झाकते. वेफर्सचं पाकीट आतून चांदीसारखं चकाकतं, ते काही शोभेसाठी नसतं. उजेड आणि हवा लागली की तेलाला खवट वास येतो, म्हणून ते पाकीट अपारदर्शक करतात आणि आत नायट्रोजन भरतात. मालाचं चित्र बाहेर छापतात. हे बचतगटाला का जमत नाही? छापील पाकिटाला प्रत्येक रंगासाठी एक वेगळा कोरलेला रूळ लागतो, आणि पाकिटं हजारोंच्या संख्येत घ्यावी लागतात. वर्षाला पाचशे पुड्या विकणाऱ्याला ते परवडणारं नाही. त्याच्याकडे छायाचित्रकार नाही, पण माल आहे. तो आपला मालच चित्रासारखा वापरतो. म्हणून साधी पारदर्शक पिशवी आपल्याकडे इतकी चालते. त्यात गरिबी आहे तसा शहाणपणाही आहे.

आणि ती स्वस्त किती? हिशेब करून पाहा. बारा सेंटिमीटर रुंद, अठरा उंच, पन्नास मायक्रॉन जाडीची पॉलिप्रॉपिलीनची पिशवी घेतली, तर तिचं वजन जेमतेम दोन ग्रॅम भरतं. किलोत पाचशे पिशव्या. कच्चा माल किलोला दोनशे रुपये धरला तरी पिशवी चाळीस पैशांना पडते. पाव किलोच्या आतल्या मालाला ती पुरते. बाष्प ती चांगली अडवते. हवा मात्र फारशी अडवत नाही, आणि उजेड तर मुळीच नाही.

उजेडाचा प्रश्न औषधवाल्यांनी फार पूर्वी सोडवला. सावंगीच्या कुठल्याही मेडिकलमध्ये जा, उजेडानं बिघडणारी औषधं तपकिरी बाटलीत दिसतील. तपकिरी काच निळा-जांभळा उजेड अडवते, आणि बाटलीत औषध किती उरलं तेही दिसतं. हळदीला हेच हवं आहे. हळद पिवळी का दिसते? ती निळा उजेड शोषून घेते म्हणून. आणि जो उजेड ती शोषते तोच तिला फोडतो. तेव्हा तपकिरी पिशवी हळदीला अगदी बेतून केल्यासारखी आहे. पण तपकिरी पिशवीत हळद मातीसारखी दिसते. ती कोण घेणार? औषध आपण रंग पाहून घेत नाही, हळद घेतो.

मग करायचं काय? माझं म्हणणं असं की अख्खी पिशवी पारदर्शक असण्याची गरज नाही. गिऱ्हाइकाला रंग पाहायला दोन बोटं रुंदीची पट्टी पुरते. बाकीचं झाकायचं. झाकायला वेगळा खर्चही नाही, कारण लेबल आपल्याला लावावंच लागतं. 2011 च्या वजनमापाच्या नियमांनुसार पाकिटावर वस्तूचं नाव, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं हवं. अन्नपदार्थ असेल तर चौदा आकडी परवाना क्रमांक आणि चौकोनातला हिरवा ठिपका. बहुतेक गट हे सगळं एका इवल्याशा चिकटपट्टीवर इतक्या बारीक अक्षरात कोंबतात की चष्मा लावूनही वाचता येत नाही. त्यापेक्षा लेबलच मोठं करा. त्यालाच पडदा होऊ द्या.

त्यासाठी जाड खाकी कागद घ्या, ए-फोर मापाचा. लांबीत मधोमध कापला की साडेदहा सेंटिमीटर रुंदीचे दोन पट्टे होतात. एक पट्टा भरलेल्या पिशवीभोवती पूर्ण फिरतो, वर चार-पाच सेंटिमीटर उरतात, तिथे खळ लावून चिकटवायचं. पिशवीला नाही, कागदाला कागद. छपाई एका काळ्या रंगात, झेरॉक्सच्या दुकानात होते. पट्टा वरच्या बाजूला ठेवायचा आणि खिडकी तळाशी सोडायची. तळाशीच का? तर पूड वाहतुकीत दबून खाली बसते. खिडकी वर असेल तर पिशवी अर्धी रिकामी दिसते आणि गिऱ्हाइकाला वाटतं, मापात मारलं. तळाची खिडकी नेहमी भरलेली दिसते.

हा पट्टा ओढला की निघतो, हा त्याचा दुसरा फायदा. बाजारात खिडकी असलेली कागदी पाकिटं तयार मिळतात, दिसायला सुरेख असतात, पण त्यात कागदाला प्लास्टिक असं चिकटवलेलं असतं की ना ते कागदाच्या रद्दीत जातं, ना प्लास्टिकच्या. शिवाय तीन-चार पदर एकमेकांना चिकटवलेलं पाऊच भंगारवालाही घेत नाही. सुटा पट्टा आणि एकाच जातीच्या प्लास्टिकची पिशवी, दोन्ही वेगवेगळी होतात. महाराष्ट्रात 2018 मध्ये प्लास्टिकबंदी आली, देशभर 1 जुलै 2022 पासून एकदा वापरून टाकायच्या अनेक वस्तू बंद झाल्या. मिठाईच्या डब्याभोवतीची प्लास्टिकची फिल्मही त्यात गेली. हा रोख कुणीकडे आहे ते लहान उत्पादकानं ओळखून असावं.

कागद म्हटला की वर्ध्यात हातकागदाची आठवण निघतेच. 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ इथेच स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते आणि संघाच्या उद्योगांत हातकागदही होता. मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींच्या हस्ते 1938 मध्ये झालं. त्याच मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. या वारशाचा मला आदर आहे. तरीही पंचवीस-तीस रुपयांच्या पुडीला हातकागदाचा पट्टा लावू नका असंच मी सांगेन. तो महाग पडतो आणि तो खर्च शेवटी हळकुंड उकडणाऱ्या, वाळवणाऱ्या बाईच्या मजुरीतून निघतो. भेट द्यायच्या डब्याला लावा, तिथे तो शोभतो. रोजच्या पुडीला गिरणीचा खाकी कागद उत्तम.

आता अवघड भाग. माल दाखवावा हे खरं, पण डोळ्यांना नेमकं काय कळतं? पापड दाखवला तर तो अखंड आहे की तुकडे झालेत ते कळतं. सरगुंडे, शेवया, कुरडया यांचंही तसंच. त्यांना पूर्ण पारदर्शक पिशवी द्या, उजेडानं त्यांचं फारसं बिघडत नाही. चिवड्याला मात्र हळदीसारखीच लहान खिडकी ठेवा, तेलाचा पदार्थ आहे. पण हळदीच्या पुडीचा रंग पाहून काय कळतं? खरं सांगायचं तर फार थोडं. उलट रंगच फसवतो.

बांगलादेशात हे भयंकर पद्धतीनं दिसून आलं. गिऱ्हाइकाला चमकदार पिवळी हळद हवी, म्हणून तिथे हळकुंडांना पॉलिश करताना लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, चोळत असत. 2019 मध्ये संशोधकांनी हे उघडकीला आणलं. लोकांच्या रक्तातल्या शिशाचा माग हळदीपर्यंत पोचला होता. शिसं मुलांच्या मेंदूचं नुकसान करतं, ते भरून येत नाही. तिथल्या सरकारनं छापे घातले, लोकांना जागं केलं, आणि 2021 पर्यंत बाजारातल्या नमुन्यांतून ती भेसळ दिसेनाशी झाली. हे विष हळदीत घातलं कशासाठी? दिसण्यासाठी. लेड क्रोमेट आपल्या देशातल्या हळदीतही सापडलेलं आहे.

म्हणजे खिडकी नुसती उघडून भागत नाही. दोन पुड्या शेजारी ठेवल्या, एक रंग घातलेली, एक खरी, तर खिडकीतून पहिलीच उठून दिसेल. खऱ्या मालाला खिडकीनं हरवायचं नसेल तर खिडकीत जे फसवता येणं कठीण तेच ठेवलं पाहिजे. माझ्या मते ते म्हणजे मोडलेलं हळकुंड. वरून रंग चोळता येतो, आतल्या भागाला तो सहसा पोचत नाही. पुडीच्या तळाशी, खिडकीपाशी, मोडलेल्या हळकुंडाचा एक तुकडा वेगळ्या छोट्या पिशवीत बंद करून टाका. आतला केशरी-पिवळा रंग आणि पुडीचा रंग गिऱ्हाईक स्वतः ताडून पाहील. पट्ट्यावर लिहा, ‘हा तुकडा याच हळदीचा आहे, घरी किसून पाहा.’ खर्च एका तुकड्याचा. यानं भेसळ नाही असं सिद्ध होत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते, पण विकणारा काय लपवत नाही ते दिसतं. जमलं तर अख्खी हळकुंडंही जाळीच्या पिशवीत विकायला ठेवा. ज्याला खात्री हवी तो दळून घेईल.

एक बारकी सूचना दुकानदारांसाठी. पुड्यांची लडी दाराबाहेर, उगवतीच्या उन्हात टांगू नका. खिडकी आतल्या बाजूला येईल अशी टांगा. आणि जुना माल आधी विका. खिडकीपाशी असलेली हळद फिकी दिसू लागली तर समजा की ती पुडी फार दिवस तिथेच आहे. आतला माल कदाचित चांगलाही असेल, उजेड पुडीत फार खोल जात नाही, पण गिऱ्हाईक ते ओळखतं.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी घरी करून पाहावं. पारदर्शक पिशवीत चार चमचे हळद पातळ पसरून भरा, अर्ध्या भागाला खाकी कागद लावा आणि पिशवी दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवा. तीन आठवड्यांनी कागद काढा. मधली रेषा दाखवायला कुणाला बोलवावं लागणार नाही. ती हळद टाकून देऊ नका, भाजीला चालते, फक्त अर्धा चमचा जास्त घालावी लागेल.