शाळेचा दरवाजा आणि धर्म



शाळा आणि धर्म यांविषयी विद्वान पुष्कळ बोलतात. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचा प्रश्न साधा आहे. या वादात कोणाचे मूल दरवाजाबाहेर राहते?

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो नाकारला. एकाला घेतले तर बाकीची शाळा रिकामी पडेल, ही धास्ती! पुढे शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडल्या. त्याच महाराजांनी मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशी वसतिगृहेही उभी केली. यात विसंगती नाही. आपल्या मुलांच्या राहण्याजेवण्याची सोय ज्या त्या समाजाने करावी. वर्ग मात्र सर्वांचा एक.

घटनेचा आशयही याच्या जवळचा आहे. कलम २८ प्रमाणे पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नाही. कलम २९ प्रमाणे सरकारी वा अनुदानित शाळेत केवळ धर्म, वंश, जात वा भाषा पाहून प्रवेश नाकारता येत नाही. आणि कलम ३० अल्पसंख्यांना आपल्या शाळा काढण्याचा व चालविण्याचा हक्क देते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घरांतल्या मुलांना दिल्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्य संस्थांना या कायद्यातून वगळले. २०२५ साली दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्या निर्णयाविषयी शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याची शिफारस केली. या सवलतीने संस्था राखली गेली. पण त्याच धर्माच्या हमालाच्या मुलीला त्या श्रीमंत शाळेत हक्काची जागा उरली नाही. मग संरक्षण मिळाले कोणाला?

म्हणून कलम ३० काढून टाका, असे आम्ही म्हणणार नाही. बहुमत अल्पमताला कसे गिळू पाहते, हे युनियनच्या कामात आम्ही नित्य पाहतो. सरकारी शाळेत मोठ्या समाजाचा सण शाळेचा आणि इतरांचा सण घरचा, असे झाले की धाकटा समाज आपली वेगळी चूल मांडणारच. त्याला दोष देण्याआधी आपण आपली सरकारी शाळा तपासावी.

आमचे म्हणणे एवढेच : व्यवस्थापन अल्पसंख्य संस्थेचेच राहो, पण तिनेही चौथा हिस्सा गरिबांना द्यावा, हवे तर आपल्या समाजातील गरिबांना आधी. आणि सरकारी शाळा अशी असावी, की कोणत्याही धर्माच्या बापाला तेथे मूल पाठविताना मनात किंतु येऊ नये.

जूनमध्ये शाळा उघडतील. आपल्या वस्तीतले कोणते मूल बाहेर राहिले, एवढे प्रत्येकाने पाहावे. त्याचा धर्म मागाहून विचारा. आधी त्याचे नाव हजेरीपटावर चढवा.