बदलीचं कलम

(सदाशिव पेठेत तरुण मित्रमैत्रिणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी वकील नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेली काही वर्षं ओळखीच्या लोकांचे भाडेकरार सही होण्याआधी वाचून देतो, एवढीच माझी पात्रता. पण समोर बघतोय तर तुमच्यातले निम्मे तरी याच पेठेत कॉट बेसिसवर राहतात आणि सकाळी सातला अभ्यासिकेची खुर्ची धरतात. तुम्ही सगळे भाडेकरू आहात आणि तुमच्यापैकी किती जणांनी आपला करार पूर्ण वाचलाय, हे मी विचारणार नाही. उत्तर मला माहीत आहे.

मी बोलणार आहे ते फौजी कुटुंबांच्या घरभाड्याबद्दल. सदाशिव पेठेत बसून फौजेचं काय, असं वाटेल. ही पेठ ज्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची, ते पानिपतावर गेले तेव्हा फौजेबरोबर बायकामुलंही होती, आणि त्यांच्या तोफखान्याचा प्रमुख होता इब्राहिमखान गारदी. फौज हलली की घरं हलतात, हे तेव्हापासूनचं आहे. आणि पुणं आजही फौजेचं शहर आहे. दक्षिण कमांडचं मुख्यालय इथे, खडकीला बॉम्बे सॅपर्स, लोहगावला हवाई दल, दापोडीला सीएमई, खडकवासल्याला एनडीए. लष्कराच्या क्वार्टर्स सगळ्यांना पुरत नाहीत. नंबर लागेपर्यंत बाहेर भाड्यानं राहायचं, आणि नंबर लागतो न लागतो तोच बदली. अशा माणसाला अकरा महिन्यांचा करारसुद्धा लांब पडतो.

माझे अब्बा फौजेत हवालदार होते. आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले. २००१ च्या जुलैत आम्ही कोंढव्यात दोन खोल्या घेतल्या. भाडं १,८०० रुपये, डिपॉझिट १५,०००. त्याआधी शहरात सात-आठ ठिकाणी नाव सांगितल्यावर खोल्या 'कालच गेल्या' होत्या. कोंढव्यातला मालक आपलाच माणूस. शंभराच्या स्टँपपेपरवर अकरा महिन्यांचा करार झाला, अब्बांनी सही केली, मालकानं चहा पाजला.

१३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि फौजेची मोठी जमवाजमव सुरू झाली. ऑपरेशन पराक्रम. अब्बांचं युनिट राजस्थानच्या सीमेवर गेलं. अम्मी, अकरावीत शिकणारी आपा आणि सातवीतला मी मागे राहिलो. आपाचं कॉलेज टिळक रोडला होतं, संध्याकाळी तिला परतायला उशीर व्हायचा आणि अम्मीचा जीव टांगणीला लागायचा. फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही ते घर सोडायचं ठरवलं. आठ महिने झाले होते.

मालक म्हणाला, अकरा महिने म्हणजे अकरा महिने. डिपॉझिट विसरा.

आता हिशेब बघा. उरलेल्या तीन महिन्यांचं भाडं होतं ५,४०० रुपये. त्यानं ठेवून घेतले १५,०००. आणि दहाव्या दिवशी तिथं नवा भाडेकरू आला, त्याचंही डिपॉझिट त्यानं घेतलं. अम्मी भांडली नाही. मी तेव्हा चिडलो होतो, तर ती म्हणाली, "जाऊ दे. त्यानं निदान घर तरी दिलं होतं."

हे वाक्य मी पुढे वीस वर्षं वेगवेगळ्या तोंडून ऐकत आलोय. आजचं बोलणं खरं तर त्या वाक्याबद्दल आहे.

तिथून आम्ही आलो इथे, पेरुगेटच्या मागच्या एका वाड्यात. मालकीण एक आजी. त्यांनी आम्हाला बसवलं आणि रेघी कागदावर शाईनं लिहिलेल्या चौदा अटी वाचून दाखवल्या. जिन्यात चपला नकोत. बोळात सायकल आडवी लावू नये. पाणी साडेसहा ते आठ. न्हाणीतला दिवा आठवणीनं मालवावा. आणि मटण-मासे शिजवायचे नाहीत. ही शेवटची अट अम्मीला लागली. मला आजही ती योग्य वाटत नाही. आम्ही रविवारी भवानी पेठेत मामूकडे जेवायला जायचो. पण अकरावी अट अशी होती: यजमानांची बदली झाल्यास एक महिना आधी सांगावे, भाडे त्या दिवसापर्यंतच घेतले जाईल. अम्मीनं ही अट दोनदा वाचायला लावली. आजींचे यजमान पोस्टात होते, त्यांचाही संसार बदल्यांतच गेला होता.

२००३ मध्ये अब्बांची बदली अंबाल्याला झाली. आजींनी डिपॉझिट मोजून हातात दिलं, एका फुटलेल्या काचेचे चाळीस रुपये कापून, आणि त्या चाळीस रुपयांचाही हिशेब कागदावर लिहून दिला. सदाशिव पेठेच्या पाट्यांवर आपण सगळेच विनोद करतो, मीही करतो. पण अट भिंतीवर नाहीतर कागदावर लिहिलेली असली की निदान काय कबूल करतोय ते कळतं. कोंढव्यातल्या चहात ते कळत नव्हतं. आणि आपल्या वस्तीतला मालक आपल्यालाच का नाडू शकला, याचं उत्तर सोपं आहे. आपण दुसरीकडे जाऊ शकत नाही, हे त्याला माहीत होतं. दार बंद करणारा एक असतो आणि त्या बंद दाराचं भाडं वसूल करणारा दुसरा असतो. दुसरा आपला आहे म्हणून त्याला सोडू नका.

खूप वर्षांनी मी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा वाचला. १९९९ चा कायदा, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याचं कलम ५५ सांगतं की घरभाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखीच हवा आणि नोंदणी केलेलाच हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि पुढचं वाक्य तर मी ऑफिसात बसून तीनदा वाचलं. नोंदणी केलेला लेखी करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरायचं, उलट सिद्ध होत नाही तोपर्यंत. आमचा शंभराचा स्टँपपेपर नोंदणी केलेला नव्हता. म्हणजे २००२ च्या फेब्रुवारीत कायदा अम्मीच्या बाजूला उभा होता, आणि ती 'जाऊ दे' म्हणाली, कारण आमच्या घरात कुणालाच ते माहीत नव्हतं.

नोंदणी केलेला करार असता तरी सगळं डिपॉझिट गिळता आलं नसतं. भारतीय करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की करार मोडल्याबद्दल रक्कम ठरवून ठेवली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, ठरलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा. दहा दिवसांत नवा भाडेकरू आला तर नुकसान दहा दिवसांचं.

पण कोर्टात जाऊन हे मिळवायला फौजीच्या बायकोला वेळ कुठला? तोवर ती आसामात किंवा पठाणकोटला पोचलेली असते. म्हणून जे काय करायचं ते सहीच्या आधी. कारण याच कायद्याचं कलम २४ दुसऱ्या बाजूनं कडक आहे. लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि दुप्पट दरानं नुकसानभरपाई मागू शकतो. तिथे लेखी करारात जे लिहिलंय तोच निर्णायक पुरावा. तोंडी दिलेल्या शब्दाला तिथे जागा नाही.

आता अलीकडची गोष्ट. हवाई दलातल्या एका जवानाची पत्नी, मराठवाड्यातली, आपलीच मुलगी, माझ्या बायकोच्या ओळखीची. लोहगावच्या बाजूला फ्लॅट मिळाला. भाडं १८,०००, डिपॉझिट ६०,०००. त्याआधी चार सोसायट्यांतून नकार. मसुदा तिनं मला पाठवला. त्यात लॉक-इन अकरा महिन्यांचा, पण फक्त तिच्यासाठी. मालक एका महिन्याच्या नोटिशीवर घर रिकामं करून घेऊ शकत होता. मध्येच सोडलं तर डिपॉझिट जप्त. रंगकामाचे एक महिन्याचं भाडं, घर कसंही असो. मी म्हटलं, हे बदलून घेऊ. तर ती म्हणाली, "भाईजान, घर मिळतंय ना, मग कशाला वाद?"

म्हणजे अम्मीचंच वाक्य.

मी एजंटला फोन केला. तो म्हणाला, साहेब, सरकारी फॉरमॅटच असा आहे. तो तसा नाही. ऑनलाइन नोंदणीत ठरावीक मजकुराच्या खाली जादा अटी लिहायला मोकळी जागा असते, आणि एजंट तिथे वर्षानुवर्षं तोच मजकूर चिकटवत असतो. आमच्या धंद्यात याला कॉपी-पेस्ट केलेला कोड म्हणतात. कुणी कधी लिहिला माहीत नाही, चालतोय म्हणून कुणी हात लावत नाही. मग मी थेट मालकाशी बोललो. सेवानिवृत्त गृहस्थ, अगदी सज्जन. त्यांनीही करार वाचलेला नव्हता! वीस मिनिटांत तीन गोष्टी बदलल्या. रंगकामावर ते अडून बसले, ते तसंच राहिलं.

आम्ही घातलेलं कलम वाचून दाखवतो, लिहून घ्या: "परवानाधारकाची किंवा तिच्या पतीची शासकीय आदेशाने बदली झाल्यास, अथवा त्यांना शासकीय निवासस्थान मिळाल्यास, तीस दिवसांची लेखी सूचना दिल्यावर हा करार संपेल. लॉक-इनची अट त्यास आड येणार नाही. अनामत रक्कम ताबा परत देताना त्याच दिवशी परत केली जाईल." एवढंच. एक सावधगिरी मात्र बाळगा. बदलीचा मूळ आदेश एजंटला व्हॉट्सॲपवर पाठवायचा नाही. त्यात युनिट, ठिकाण, तारीख असते. युनिटच्या ऑफिसचं साधं पत्र पुरे.

खर्चाचा बाऊ करतात, म्हणून तेही सांगतो. मुद्रांक शुल्क मुदतीतल्या एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून. तिच्या करारात ते पाचशेच्या आसपास आलं. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. वर थोडी हाताळणी फी. यापेक्षा जास्त मागितलं तर ती एजंटची कमाई. आणि 'अकरा महिने' हा आकडा पवित्र नाही. वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याला १९०८ च्या नोंदणी कायद्यानं नोंदणी सक्तीची केली, ती टाळायला अकरा महिन्यांची युक्ती निघाली. महाराष्ट्रात २००० पासून अकरा महिन्यांच्या कराराचीही नोंदणी करावीच लागते. युक्ती मेली, सवय उरली. तीन वर्षांचा करार करा, बदलीचं कलम घाला, दरवर्षीची दलाली वाचेल.

सोसायटीच्या एनओसीचं तर विचारूच नका. 'माझी हरकत नाही हो, पण कमिटी एनओसी देत नाही.' हे वाक्य इथल्या प्रत्येकानं ऐकलंय. गृहनिर्माण संस्थांच्या नमुना उपविधींप्रमाणे घर लीव्ह अँड लायसन्सवर द्यायला सभासदाला संस्थेची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. हे मालकाला नम्रपणे दाखवा. काही जण खरंच अज्ञानातून थांबलेले असतात. काही नसतात, आणि खाजगी मालकानं धर्म बघून घर नाकारलं तर त्याला रोखणारा थेट कायदा आपल्याकडे नाही. तो व्हावा, ही मागणी करत राहावी लागेल.

एका गोष्टीनं मी फार अस्वस्थ झालो. याच भाडे कायद्यात फौजींसाठी एक खास कलम आहे, कलम २३. फौजीनं आपलं घर भाड्यानं दिलं असेल आणि त्याला स्वतःला ते राहायला हवं असेल, तर वरिष्ठ अधिकाऱ्याच्या दाखल्यावर ते लवकर परत मिळावं, अशी त्यात सोय आहे. चांगलीच आहे. पण यात फौजी दिसतो तो घरमालक म्हणून. जवान भाडेकरू असतो, त्याची बायको तीन राज्यांत तीन डिपॉझिटं अडकवून बसलेली असते, हे त्या कायद्यात कुठेच नाही. अमेरिकेत २००३ चा एक कायदा आहे. सैनिकाला कायम बदलीचा किंवा नव्वद दिवस वा जास्त मोहिमेवर जाण्याचा आदेश आला, तर त्यानं नोटीस आणि आदेशाची प्रत द्यायची, पुढच्या भाड्याच्या तारखेनंतर तीस दिवसांनी करार संपतो. दंड नाही. आपल्याकडे केंद्रानं २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात राहत्या घराच्या डिपॉझिटला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. पण राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही.

तोवर एक छोटं काम होण्यासारखं आहे. राज्याच्या ऑनलाइन नोंदणीच्या नमुन्यातच बदलीचं कलम पर्याय म्हणून छापलेलं असावं. खूण केली की झालं. कायदा बदलायची गरज नाही. त्यात फौजी येतील, बदलीवरच्या नर्स येतील, एसटीचे कर्मचारी येतील, उद्या एमपीएससीतून निवड होऊन गडचिरोलीला रुजू होणारे तुम्हीही याल. निवेदनाचा मसुदा मी आणलाय, चहाच्या टेबलावर ठेवलाय.

आणि ज्यांचा करार येत्या महिन्यात व्हायचाय, त्यांनी मसुदा रविवारी सकाळी इथे घेऊन यावा. टोकन देण्याच्या आधी. मागच्या वेळी एक जण टोकन देऊन आला होता, मग आम्ही दोघांनी मिळून नुसता चहा घेतला.