नंबर न लागलेल्यांचा हिशेब



शिक्षक-पालकांच्या या परिषदेच्या अध्यक्षस्थानी मला बसवलंत. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. बालशिक्षणाचा मी जाणकार नव्हे. मुलांना काय शिकवावं यावर बोलणार नाही, मुलं शाळेच्या फाटकातून आत कशी येतात एवढ्यावरच बोलेन. हुबळीतली ही जागा त्याला साजेशी आहे. इकडे भूमरड्डी इंजिनिअरिंग, तिकडे जाबिन सायन्स कॉलेज, पलीकडे मेडिकल कॉलेज. विद्यानगरात खोली बघायला गेलेल्या पोराला घरमालक नाव विचारायच्या आधी ‘ॲडमिशन कुठं झालं?’ विचारतो.

शिक्षण हक्क कायदा, म्हणजे आरटीई, २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घरांतल्या मुलांना द्यायच्या आणि त्यांच्या खर्चाची ठरावीक भरपाई सरकारनं शाळेला करायची. जागांपेक्षा मुलं जास्त झाली तर? मुलाखत नाही, चाचणी नाही, आईबापांची पदवी विचारायची नाही; यादृच्छिक पद्धत सोडून दुसरी कुठलीही निवड चालणार नाही. म्हणजे सोडत. अख्ख्या कायद्यात मला हे कलम सगळ्यात शहाणं वाटतं. सहा वर्षांच्या पोराची गुणवत्ता मोजण्याचं सोंग आणण्यापेक्षा ‘आम्हाला यांच्यात डावंउजवं करता येत नाही’ असं कबूल केलेलं बरं.

अडचण पुढे आहे. परीक्षेत नापास झालेल्याला उत्तरपत्रिका तरी मागता येते. सोडतीत नंबर लागला नाही, तर बापानं मागायचं काय? शेजाऱ्याच्या मोबाइलवर एसएमएस येतो, याच्या मोबाइलवर येत नाही. मग ‘वरून फोन गेला असेल’, ‘पैसे घेतात हो’ सुरू होतं. यातलं काहीच घडलेलं नसेलही. पण घडलं नाही हे दाखवायला कार्यालयाकडे काही नसतं, आणि मग अफवेचंच राज्य चालतं. जी. ए. कुलकर्णी इथून जवळच, धारवाडला, इंग्रजी शिकवायचे. त्यांच्या कथांतल्या माणसांना नियतीकडे जाब मागता येत नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या बीईओ ऑफिसकडे मात्र मागता यायला हवा.

सोडत प्रामाणिक असूनही चुकू शकते, याचं आम्हा संख्याशास्त्रवाल्यांचं आवडतं उदाहरण अमेरिकेचं आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैन्यात कोणाला आधी बोलवायचं हे ठरवायला १ डिसेंबर १९६९ रोजी जन्मतारखांची सोडत काढली. ३६६ तारखा, ३६६ प्लास्टिकच्या कुप्या. कुप्या महिन्यामहिन्यानं भरल्या, डिसेंबरच्या सगळ्यात शेवटी, आणि ढवळायचं काम अर्धवट झालं. वर्षाअखेरीस जन्मलेल्या पोरांचे नंबर भराभर वर आले. कोणाचा हेतू वाईट नव्हता, सगळं टीव्हीवर देशासमोर चाललं होतं, आणि तरीही सोडत कलली. हे कळलं कसं? प्रत्येक तारखेला कुठला क्रमांक मिळाला, तो सगळा तक्ता छापला गेला होता म्हणून. जेमतेम महिनाभरात संख्याशास्त्रज्ञांनी तो कल मांडून दाखवला आणि पुढच्या सोडतीची पद्धत बदलावी लागली. फक्त ज्यांना बोलवायचं त्यांचीच यादी लावली असती, तर ती चूक आजही कोणाला सापडली नसती.

आपल्याकडे नेमकं तेच होतं. निवड झालेल्यांची यादी लागते, सोडतीचा समारंभ होतो, फोटो छापून येतो. दिल्लीत शाळांनी चिठ्ठ्या पेटीत टाकण्याआधी पालकांना दाखवाव्यात, चित्रीकरण करावं, असा नियम आहे. चिठ्ठ्यांसाठी तो उत्तम. पण राज्यभराची सोडत संगणक काढतो, तेव्हा कॅमेऱ्यात दिसतं ते कळ दाबणारं बोट. संगणकाची सोडत तपासायला तीन गोष्टी लागतात: सोडतीआधी गोठवलेली अर्ज क्रमांकांची यादी, सर्वांसमोर काढलेला सुरुवातीचा आकडा, आणि त्या आकड्यावरून क्रम लावणारा नियम. या तिन्ही उघड असल्या, तर हुबळीतला कुठलाही बी.एस्सी.चा विद्यार्थी घरी बसून तीच सोडत पुन्हा काढील आणि तोच निकाल येईल. असं उघडेपण परदेशातही मागूनच मिळालं. न्यूयॉर्क शहरात शाळाप्रवेशासाठी प्रत्येक मुलाला यादृच्छिक क्रमांक मिळतो. तो पालकांना वर्षानुवर्षं सांगितलाच जात नव्हता. तिथल्या माहितीच्या कायद्याखाली मागण्या झाल्या, तेव्हा कुठे तो पालकांना दिसू लागला.

आता महाराष्ट्राकडे बघू, कारण आपल्यातल्या अनेकांची भाचरं-पुतणी तिथल्या रांगेत असतात. २०२३-२४ साठी तिथे लाखभर जागांना साडेतीन लाखांहून जास्त अर्ज आले. पालक दहा शाळा निवडू शकत होते, आणि घर शाळेपासून एक किलोमीटरच्या आत की एक ते तीन किलोमीटर, यावर प्राधान्य ठरत होतं. अर्ज भरताना नकाशावर घराच्या जागी लाल बलून टेकवायचा होता. सायबर कॅफेतल्या मुलानं तो घाईत गल्ली चुकून टेकवला, की पोराचा नंबर सोडतीआधीच मागे जायचा. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, सोडत जूनमध्ये काढली. निकाल लागला तो उच्च न्यायालयाच्या १९ जुलैच्या निर्णयानंतर; त्या निर्णयाकडे पुढे येतोच. मधले सहा आठवडे यादी संगणकात बंद होती. तिला कोणी हात लावला असं मी म्हणत नाही. लावला नाही हे पालकाला स्वतः पडताळता येईल असं काही त्याच्या हाती नव्हतं, एवढंच म्हणतो.

माझा खरा आग्रह प्रतीक्षा यादीचा आहे. निवड एका दिवसात संपते. वेटिंग महिनोन्महिने चालतं. कागदपत्रं पडताळणीत बाद होतात, कोणी दूरची शाळा नको म्हणतो, कोणी गाव सोडतो, आणि जागा मोकळी होते. ही जागा कोणाला गेली, कधी गेली, मधल्या क्रमांकांना निरोप पोचला होता का, हे सगळं झाकलेलं राहतं. गडबड करायचीच असेल तर इथे सोपी. समजा, वेटिंग चौदावं आहे. गेल्या वर्षी त्या शाळेची यादी तिसऱ्या नंबरापर्यंत सरकली की चाळिसाव्या, हे बापाला कळलं, तर दुसरीकडे डोनेशन भरायला कर्ज काढायचं की जूनपर्यंत थांबायचं, हे तो ठरवू शकतो. ही माहिती कार्यालयात असतेच. ती फळ्यावर लावायला निधीही लागत नाही.

आपल्या राज्यात मात्र गोष्ट सोडतीच्याही आधी संपते. २०१९ च्या सुरुवातीला कर्नाटकानं नियम बदलला: परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेवर २५ टक्क्यांचं बंधन नाही. त्या मे महिन्यात उच्च न्यायालयानं हा बदल वैध ठरवला. लाखाच्या वर असलेल्या जागा एका वर्षात वीस हजारांच्या आत आल्या. महाराष्ट्रानं फेब्रुवारी २०२४ मध्ये तसाच प्रयत्न केला. मुंबई उच्च न्यायालयानं १९ जुलैच्या त्या निर्णयात तो रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो निर्णय कायम ठेवला. दोन राज्यं, एकच कायदा, निकाल उलटे. त्या वादात मी शिरत नाही, पण माझं मत लपवतही नाही: पाटी कोरी करून सोडत पारदर्शक काढण्यात काही पुरुषार्थ नाही. म्हणून वॉर्डातली कुठली शाळा वगळली, कोणत्या शाळेमुळे वगळली, ही यादी अर्ज सुरू व्हायच्या आधी लागली पाहिजे.

‘मुलांची नावं, जाती, उत्पन्न चव्हाट्यावर आणणार का?’ हा आक्षेप मला सकाळीच चहाच्या वेळी एका मुख्याध्यापक बाईंनी ऐकवला. त्यांचं बरोबर आहे. आरटीईतलं मूल वर्गात आधीच ओळखू येतं; त्याच्या बापाचा दाखला भिंतीवर नको. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर अधिकारी हेच कारण पुढे करून सगळंच झाकतील, ही भीतीही खरी आहे. पण इथे नावाची गरजच नाही. अर्ज क्रमांक, अंतराचा टप्पा, सोडतीतला क्रम, वेटिंगचा क्रम, जागा भरल्याची तारीख. एवढ्यावर तपासणी पुरी होते, आणि पालकाला आपला अर्ज क्रमांक पाठ असतो. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातलं चौथं कलम सवलतींचा लाभ कोणाला दिला ते न मागता जाहीर करायला सांगतं. त्याची पहिली पायरी ही धरू.

दुपारच्या सत्रात याचा ठराव येणार आहे. मसुद्यात ‘शक्य तितकी माहिती’ असे शब्द पडले आहेत. ते काढून वर सांगितलेले पाच रकाने स्पष्टपणे घालावेत, अशी माझी दुरुस्ती आहे. बलूनचा भाग महाराष्ट्राचा, तो आपल्या ठरावात नको. कन्नड मसुदा करायला आपले दोन कन्नड स्नेही तयार आहेत. तो झाला की शिक्षण खात्याच्या अपर आयुक्तांच्या धारवाडच्या कार्यालयात सोमवारी देता येईल. धारवाडला जाणारी चिगरी बस इथूनच मिळते. ज्यांना यायचं आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत व्यवस्थापकांकडे नावं द्यावीत, आणि ज्यांच्या घरात कोणी सध्या वेटिंगवर आहे त्यांनी आधी द्यावीत.