योगव्यायामाच्या निरनिराळ्या पद्धती
(नशिराबाद येथील ज्ञातिमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळींत योगावरून दोन तट पडलेले आम्ही पाहतो. तरुणांस भराभर घातलेले नमस्कार म्हणजेच योग वाटतो. वडीलधाऱ्यांच्या मते घाम आला की तो योग नव्हेच. वाद चालू राहतो, आणि ज्यांची कंबर व गुडघे खरोखर दुखतात त्या आपल्या भगिनी दोहोंपासून दूर राहतात. म्हणून या पद्धती कोणी व कशासाठी रूढ केल्या, एवढेच आज सांगण्याचे योजिले आहे.

आरंभ आपल्या खानदेशातूनच करू. साने गुरुजींमुळे अमळनेर सर्वांस ठाऊक आहे. परंतु गुरुजी तेथे शिक्षक होण्यापूर्वी जगन्नाथ गणेश गुणे नावाचे विद्वान तेथे अध्यापन करीत, हे थोड्यांस ठाऊक असेल. सन 1916 मध्ये ते तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. हेच पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून प्रसिद्धीस आले. बडोद्यास प्रोफेसर माणिकरावांच्या हाताखाली त्यांनी अंग कमावले होते, आणि नर्मदातीरी मालसर येथे माधवदासजींपासून योग घेतला होता. दंडबैठक आणि आसन, दोहोंची पारख असलेला हा मनुष्य! नौली करताना पोटात काय घडते हे केवळ श्रद्धेवर न सोडता त्यांनी क्ष-किरणांनी व दाबमापकाने तपासले; 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून ‘योगमीमांसा’ त्रैमासिकात असे प्रयोग छापले. त्यांच्या पद्धतीत आसन सावकाश घ्यावयाचे, झटका द्यावयाचा नाही, जमेल तितकेच वाकून तेथे स्थिर राहावयाचे. पाठीचा कणा व पोटातील इंद्रिये निरोगी राखणे हा त्यातील मुख्य हेतू होय.

औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांची दृष्टी निराळी. त्यांनी संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले व त्यावर पुस्तकही लिहिले. नमस्कारात सारे अंग हालते, श्वास वाढतो, घाम येतो. साहित्य काहीच लागत नाही. शाळकरी मुलांस आणि दुकानाच्या गादीवर दिवस काढणाऱ्यांस याहून सोपा व्यायाम आम्हांस माहीत नाही.

तिसरी पद्धत पुण्याची. बी. के. एस. अय्यंगार 1937 साली ऐन तारुण्यात पुण्यास शिकवावयास आले. 2014 मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. पाऊल कोठे, खांदा कोठे, यावर त्यांचा कटाक्ष असे. अंग वाकत नसेल तर दोरी, पट्टा, लाकडी ठोकळा, साधी खुर्चीसुद्धा ते आधारास देत. दुखऱ्या गुडघ्यांस ही सोय मोलाची आहे, आणि खुर्ची कोणाच्या घरी नाही?

मात्र मोबाइलवर पाहून साठीच्या गृहस्थांनी शीर्षासन करावे, हे आम्हांस मुळीच पसंत नाही. रक्तदाब किंवा काचबिंदू असणाऱ्याने ते टाळावे. जोराची कपालभातीही रक्तदाब वा हर्निया असलेल्याने डॉक्टरांस विचारल्यावाचून करू नये. दिवसभर शेतात वाकून आलेल्यास आणखी नमस्कारांपेक्षा भुजंगासन व शवासन अधिक मानवेल.

ज्ञातीच्या सभागृहात वर्ग काढावा, अशी सूचना आली आहे. तीस आमचा पाठिंबा आहे. परंतु पहाटेची वेळ ठेवल्यास पाणी, चहा, डबे टाकून भगिनी येणार कशा? त्यांच्यासाठी दुपारी चारची वेळ ठेवावी, शिकविणारी बाईच असावी, आणि घरच्या पुरुषांनी त्या दिवसापासून चारचा चहा आपल्या हाताने करून घ्यावा.